बोलपटातली मुकी बाई

मार्चमधल्या एका शनिवारी लातूरच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात मी हबीबाआपांचा आवाज ऐकला. आपांना जाऊन छत्तीस वर्षं झाली होती. आवाज पडद्यावरच्या एका बाईच्या तोंडातून येत होता. ती बाई म्हणजे आपा नव्हत्या.

कार्यक्रम जुन्या मराठी बोलपटांवर होता. मी याच गावात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. अशा कार्यक्रमांना मी मागच्या रांगेत बसते आणि संपले की कुणाशी न बोलता घरी येते. एका संस्थेला एका बोलपटाची काही रिळं सापडली होती. ती साफसूफ करून अकरा मिनिटांचा एक तुकडा तयार झाला होता. अंगणात सासू सुनेला घालूनपाडून बोलते आणि सून तिला उत्तर देते, असा प्रसंग. तुकडा संपल्यावर वक्ते म्हणाले, "नायिकेची वाणी ऐकलीत? एक उच्चार मळलेला नाही. आपल्या भागातल्या मुलींनी हे पुन्हा पुन्हा ऐकावं. आपली भाषा उर्दूनं बिघडली. ती कशी असायला हवी होती, ते इथं कळतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातात दिलेल्या छापील कागदावर नायिकेचं नाव ठळक होतं. सासूच्या नावापुढे लिहिलं होतं: अज्ञात.

ती सासू आपा होत्या. आणि सुनेचा आवाजही आपांचाच होता.

मी उभी राहिले. सभेत उभं राहून बोलण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. म्हणाले, "या दोघींचं एकच बाई बोलते आहे. तिचं नाव हबीबा. ती बसऱ्याहून आली होती. नांदेडला आमच्या शेजारी राहायची." वक्ते हसले. वाईट नाही हसले, म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात तसे. "ताई, पुरावा असेल तर जरूर पाठवा," असं म्हणून त्यांनी चहाची व्यवस्था कुठे आहे ते सांगितलं.

अकरा मिनिटांत सासूचा चेहरा दोनदाच दिसतो. बाकी सगळा वेळ ती कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी आहे. सभागृहात दीडदोनशे शिकलेली माणसं होती. ही बाई सारखी पाठ का करते, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला त्या दिवसापासून राग आहे तो याचा.

नांदेडला आम्ही रेल्वेच्या रुळांजवळ राहायचो. वडील रेल्वेत गँगमन होते. आपांची खोली आमच्या खोलीला लागून. त्यांचे यजमान उस्मानभाई गावातल्या एका थिएटरात ऑपरेटर, आणि आपा शाळेचे गणवेश शिवायच्या. मला कळायला लागलं तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, रुंद खांद्यांच्या. नाक लांब आणि मधे उंचावलेलं. त्या नाकाबद्दल त्या स्वतःच सांगायच्या, "कंपनीवाले म्हणले, हे नाक हिरॉइनला चालत न्हाई. वीस वर्षांची होते मी. म्हणले, सासू कर. सासू कुठूनबी आली तरी चालते."

आपांचे वडील घोड्यांचे व्यापारी. इराकातल्या बसऱ्याहून जहाजानं घोडे आणायचे. आई वारली तेव्हा त्यांनी सहा वर्षांच्या मुलीलाही घोड्यांबरोबर मुंबईला आणलं. पुढं एका खेपेला ते गेले आणि परत आले नाहीत. मुलगी पुण्यात ओळखीच्या एका घरी वाढली. शेजारी एक विधवा बाई रोज ओट्यावर बसून मोठ्यानं पोथी वाचायची. आपा भिंतीच्या अलीकडे भांडी घासत ऐकायच्या. "तिच्या घरात पाय ठेवायची मला बंदी होती," त्या म्हणायच्या. "पण कानाला कोण बंदी घालणार?" त्या बाईचं मराठी त्यांनी असं जसंच्या तसं उचललं, श्वासासकट.

मराठी त्यांना वाचता मात्र कधीच आलं नाही. पुढं सिनेमा कंपनीत काम मिळालं, तेव्हा तिथं कुणीतरी संवाद वाचून दाखवायचं आणि त्या ते उर्दू अक्षरांत उतरवून घ्यायच्या. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून त्या जागी त्या घोड्याची नाल काढायच्या. अशी नालांनी भरलेली एक वही मी लहानपणी पाहिली होती. आपा गेल्यावर खोली रिकामी केली गेली, त्यात ती गेली. तेव्हा मी लातूरला होते. ती वही मागून घ्यायचं मला सुचलं नाही. ग्रंथपालाला सुचलं नाही.

आपांच्या वागण्यात काही गोष्टी अशा होत्या की गल्लीतल्या बायका त्यांना अर्धवट समजायच्या. बोलता बोलता रेल्वेगाडी आली, कोंबडा आरवला, नाहीतर कुणी बादली आपटली, की त्या थांबायच्या. आवाज पूर्ण जाऊ द्यायच्या. मग अर्धं राहिलेलं वाक्य पुढं न नेता पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणायच्या. माझी आई वैतागायची. "आपा, अवो मीठ मागायलेत न्हवं? कळलं की मला पहिल्यांदाच." त्यावर आपा शांतपणे म्हणायच्या, "कळलं असंल. पण वाया गेलं ते."

त्या काळी चित्र घेताना आवाजही तिथंच, त्याच वेळी घ्यायचे. बाहेर कावळा ओरडला तरी सगळं पुन्हा. आपांनी ती शिस्त जन्मभर सोडली नाही. बांगड्याही त्या भरायच्या नाहीत, कारण माइकवर काच वाजते. उस्मानभाई चांगले हिंडतेफिरते असताना गल्लीतल्या बायका आपांना म्हणायच्या, "नवरा जित्ता हाय अन् हात भुंडे." लुगड्याला खळ नाही, कारण खळीचं कापड कुरकुरतं. पायांत वाजणारी चप्पल नाही. इतक्या मोठ्या देहाची बाई घरात आली तरी कळायचं नाही. आई दचकायची.

"माइक कुठं असायचा?" मी एकदा विचारलं.

"तुळशीत," आपा म्हणाल्या. "वृंदावन लाकडी, आत माइक. सुनेला शिव्या घालायच्या तर तोंड तुळशीकडं पायजे. देवाला माहीत, त्या तुळशीनं माझ्या किती शिव्या खाल्ल्या."

खांबाची गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी आठवीत असेन. दुपारची वेळ, आई ज्वारी निवडत होती, आपा काजं करत होत्या. ज्या नायिकेसाठी लोक गर्दी करायचे, ती मूकपटापासून नावाजलेली होती. देखणी, चांगल्या घरची, जन्मानं मराठी. पण बोलपट आला आणि तिचा आवाज मशीनला चालेना. चिमणीसारखा बारीक उठायचा. दोन दिवस प्रयत्न झाले. तिसऱ्या दिवशी मालकांनी सासूचं काम करणाऱ्या मुलीला बोलावलं आणि खांबामागं उभं केलं. नायिका ओठ हलवणार, ही बोलणार. दोघी एका चित्रात असल्या की सासूनं पाठ करायची आणि दोघींचं बोलायचं. सासूचं जाड, सुनेचं कोवळं.

"म्हंजी तुमीच तुमाला शिव्या घालायच्या?" आई म्हणाली.

"हाव. आन् मीच रडायची."

"आन् पगार दोघींचा?"

"पगाराचं सोड वच्छला. नाव एकीचंबी न्हाई लावलं. मालक म्हणले, सासूचं नाव लावलं तर लोक विचारतील ही कोण, मग आवाज वळखतील."

आई हसली. "आपा लई फेकतेत बघ," मला म्हणाली, त्यांच्यासमोरच. आपांनी सुई कापडात टोचली आणि मान न वळवता सुरू केलं. आधी सासू. प्रत्येक जहरी वाक्याआधी एक लहानसा श्वास, नाकानं ओढलेला. मग सून, कोवळी, थोडी कापरी, आणि तिच्या उत्तराआधीही तोच श्वास. आईचे हात सुपात थांबले. खोलीत भांडण चाललं होतं आणि भांडणारी बाई एकच होती. संपल्यावर आई एवढंच म्हणाली, "बया." पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं ही गोष्ट आपा फेकतात म्हणूनच सांगितली. मीही मनातून तेच मानलं. नकला करणारी बाई हुशार असते, म्हणून ती खरं बोलते असं कुठं आहे?

लातूरच्या सभागृहात मला तो श्वास ऐकू आला. दोघींच्या तोंडून.

यापुढची गोष्ट आपांनी फारशी सांगितली नाही. जी सांगितली ती तुकड्यातुकड्यानं. बोलपट चालला, नायिकेच्या गोड वाणीचं वर्तमानपत्रांत कौतुक झालं. मग कंपनीला भीती वाटली. हबीबानं पडद्यावर तोंड उघडलं तर लोक म्हणतील, हा तर तिचा आवाज. म्हणून पुढच्या तीन चित्रांत त्यांना खांबामागं ठेवलं आणि पडद्यावर मुकी कामं दिली. मुकी भिकारीण, वेडी, देवळाच्या पायरीवर बसून नुसती बघणारी म्हातारी. ज्या बाईच्या आवाजावर कंपनी उभी होती, तिला त्याच कंपनीनं बोलपटात मुकी केली. दुसऱ्या कंपनीत गेल्या तर तिथले म्हणाले, तुझा आवाज अमुक बाईंसारखा आहे, नक्कल करतेस. मग चित्र घेऊन झाल्यावर वेगळा आवाज भरण्याची पद्धत सर्रास झाली, खांब गेले, कंपनी बुडाली. तिथं माइकच्या तारा ओढणारे उस्मानभाई नांदेडचे. त्यांच्याशी लग्न करून आपा इथं आल्या आणि गणवेश शिवू लागल्या.

आता माझ्याविषयी एक गोष्ट. ती लिहिल्याशिवाय दुसऱ्यांवर रागावण्याचा मला हक्क नाही.

नववीत वर्गात धडा वाचताना माझ्या तोंडून "न्हाई" गेलं. सर म्हणाले, "वस्तीतली भाषा वस्तीत ठेवून यायचं." वर्ग हसला. आम्ही बौद्ध, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. कोणती वस्ती, ते सांगायची गरज नव्हती. मी घरी येऊन पुस्तक फेकलं. आपांनी भिंतीपलीकडून ऐकलं असावं. आल्या, म्हणाल्या, "घे ते. वाच."

त्यानंतर सहा महिने मी रोज त्यांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. त्या कापड बेतायच्या. चुकलं की कात्री टेबलावर एकदा वाजायची. काय चुकलं ते सांगायच्या नाहीत, मला शोधावं लागायचं. त्यांना मराठी अक्षर येत नव्हतं, पण स्वल्पविराम कुठं आहे ते मी खाल्ल्याबरोबर कळायचं. एकदा मी घरी आईला म्हणाले, "न्हाई नव्हे, नाही." आपांनी मला बोलावून घेतलं. "हे मराठी भाड्याचं लुगडं हाय," त्या म्हणाल्या. "कामाला जाताना नेसायचं. घरी आली की घडी घालून ठेवायचं. आईला सुधारायला गेलीस तर ही कात्री बघ."

जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. तेच सर जवळ आले. "कुणी तयारी करून घेतली?"

मी म्हणाले, "पुण्याची मावशी आहे."

"वाटलंच," सर म्हणाले.

मला पुण्यात मावशी नव्हती. गणवेश शिवणाऱ्या मुसलमान बाईचं नाव घेतलं तर सर हसतील, एवढं एका क्षणात माझ्या मनात आलं होतं. ही गोष्ट एका मैत्रिणीनं आपांपर्यंत नेली. आपांनी पेढा घेतला, अर्धा मोडून मला दिला. मग म्हणाल्या, "माझं नाव घेतलं असतं तर बक्षीस काढून घेतलं नसतं गं कुणी."

त्यांना काय हवं होतं, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. त्यांना मान नको होता, हार नको होते, वर्तमानपत्रात फोटो नको होता. अमुक काम हिनं केलं, असं एकदा कुठंतरी लिहिलेलं हवं होतं.

ती संधी एकदा दारापर्यंत आली होती. मी लातूरला नोकरीला लागले होते आणि सुट्टीत नांदेडला आले होते. पुण्याहून एक अभ्यासक आले. जुन्या कलावंतांची माहिती गोळा करत होते, आणि कुठल्याशा जुन्या रंगभूषाकारानं त्यांना आपांचा ठावठिकाणा दिला होता. उस्मानभाई तोवर गेले होते. मी चहा केला. आपा स्वच्छ पांढरं लुगडं नेसून बसल्या आणि खांबाची गोष्ट सांगितली, त्यांच्या रोजच्या बोलीत.

त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "बाई, राग मानू नका. तुमच्या बोलण्यात दर वाक्यात उर्दू आहे. मी तो बोलपट लहानपणी पाहिलाय. ती वाणी अस्सल पुणेरी आहे."

"असंल," आपा म्हणाल्या.

"मग म्हणून दाखवा की दोन वाक्यं."

मी आपांकडे बघत होते. मला वाटलं, आता सुरू करतील आणि या माणसाच्या हातातला कप पडेल. आपा म्हणाल्या, "आधी नाव लिहा."

"म्हणजे?"

"तुमच्या वहीत. सासू आन् सून, दोघींचं काम हबीबानं केलं. एवढं लिहा. मग तुम्ही म्हणाल तितकं म्हणते."

"अहो, खात्री केल्याशिवाय कसं लिहू?"

"मी एकदा आधी म्हणलं आन् नाव मागनं मागितलं," आपा म्हणाल्या. "पन्नास वर्षं झाली."

गृहस्थांना तो आडमुठेपणा वाटला. वही मिटून ते गेले. मी आपांशी भांडले. दोन वाक्यं म्हणायला काय जात होतं? त्या म्हणाल्या, "तुझं काय जाणार?" आणि कप विसळायला घेतले. त्या गृहस्थांचं पुस्तक पुढं निघालं. आमच्या ग्रंथालयात ते मीच दाखल करून घेतलं. त्यात नायिकेच्या वाणीवर एक संपूर्ण प्रकरण आहे. आपांचा उल्लेख कुठंही नाही, दुय्यम कलाकारांच्या यादीतसुद्धा नाही.

यात पुराव्याचं काय अडलं होतं, हे मला अजून समजलेलं नाही. नायिकेकडे तरी कोणता पुरावा होता? कंपनीनं तिचं नाव छापलं, म्हणून ते खरं. जन्मानं मराठी बाई शुद्ध बोलली, याला पुरावा लागत नाही. बसऱ्याची बाई बोलली म्हटलं, की लगेच लागतो. तिनं आमचीच भाषा आम्हाला बोलून दाखवली, आणि ती इतकी चोख बोलली की ती तिची असूच शकत नाही, असं आम्ही ठरवलं. चुकली असती तर परकी म्हणून हसलो असतो. चुकली नाही, तर खोटारडी ठरवली.

शेवटचं दर्शन दवाखान्यातलं. शेजाऱ्यांचा निरोप आला आणि मी एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचले. आपांना बाकावर बसवलं होतं, धाप लागलेली. भरती करून घेणारी सिस्टर केसपेपर लिहीत होती. नाव, वय, पत्ता मी सांगितला.

"धंदा?"

"शिवणकाम," मी म्हणाले.

"नटी लिही," आपा म्हणाल्या.

सिस्टरनं वर पाहिलं. "काय म्हणाल्या?"

"नटी. सिनेमातली."

सिस्टर माझ्याकडे बघू लागली. म्हाताऱ्यांचं असं चालायचंच, असा भाव होता. मला वाटतं, मी आयुष्यात केलेल्या थोड्या नीट गोष्टींपैकी ती एक. मी म्हणाले, "त्या सांगतात तसंच लिहा."

तिनं लिहिलं. आपांनी कागदाकडे बोट केलं. "वाचून दाखव बेटी."

"हबीबा उस्मान शेख," सिस्टरनं वाचलं. "वय पंचाहत्तर. धंदा नटी."

"अजून एकदा."

मागं रांग होती. तरी त्या मुलीनं पुन्हा वाचलं. आपा डोळे मिटून ऐकत होत्या. मग स्वतःच उठल्या आणि माझा हात धरून वॉर्डाकडे चालू लागल्या. मला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. मी संध्याकाळच्या गाडीनं लातूरला परतले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

सभागृहातल्या त्या कार्यक्रमानंतर मी संस्थेला चार पानांचं पत्र लिहिलं. सोबत केसपेपरची प्रत जोडली. तुकड्यातल्या कोणत्या मिनिटाला श्वास ऐकू येतो, तेही लिहिलं. उत्तर आलं. रुग्णालयातील नोंद रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावरून केलेली असल्यामुळे ती ग्राह्य धरता येत नाही, आणि नामावलीत बदल करता येणार नाही. श्वासाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मी पुन्हा पत्र पाठवलं आहे. त्याला उत्तर नाही.

केसपेपर माझ्याकडे आहे; त्या संध्याकाळी निघताना तो माझ्या पिशवीतच राहिला होता. कागद पिवळा झाला आहे, शाई वाचता येते. त्या बाईचं नाव आणि तिचं काम एकत्र लिहिलेला तेवढाच एक कागद आहे.